एक पातं, दोन मुठी

दुपारी जेवून जरा आडवी झाले की अजूनही मला लाखेचा वास येतो. नाहूरला आमच्या इमारतीत लाख कुठून येणार? खाली मेडिकलचं दुकान, बाजूला डोसेवाला. तरी येतो. डोळे मिटलेले असतात, पंखा फिरत असतो, आणि समोर तापलेल्या मुठीतून एखादं पातं हळूहळू सैल होत बाहेर येत असतं. मी ते धरायला हात पुढे करते आणि जाग येते. सून म्हणते, "आई, झोपेत कसले हातवारे करता हो?" आता काय सांगू तिला! निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, पण हात काही निवृत्त व्हायला तयार नाहीत.

एकोणतीस वर्षं मी सांताक्रूझला जुन्या वस्तूंच्या एका दुकानात काम केलं. पुढे काचेची कपाटं, झुंबरं, गादीची खुर्ची, आणि मागे माझी खोली. जुने खंजीर, सुऱ्या, कट्यारी आल्या की त्यांना आंघोळ घालायची, गंज उतरवायचा, हलणाऱ्या मुठी पक्क्या करायच्या, हे माझं काम. "बाईमाणूस आणि खंजीर?" असं विचारणारे खूप भेटले. अहो, जन्मभर हातात विळी असते तेव्हा कुणी विचारत नाही! लग्नाआधी मी मालाडला खोट्या दागिन्यांना पॉलिश करायची. तिथून नार्वेकर शेठनी मला उचललं. म्हणाले, "सुमन, तुझा हात हलका आहे. जुन्या लोखंडाला असाच हात लागतो." शेठ आता नाहीत. नाव मी बदललंय, नाहीतर त्यांची मुलं मला फाडून खातील.

मागच्या खोलीला एकच झरोका होता, उंचावर. अकरा ते तीन त्यातून उन्हाची पट्टी यायची आणि टेबलावरून सरकत जायची. त्या पट्टीत पातं धरलं की त्याचं सगळं आयुष्य दिसायचं. कुठे घासलंय, कुठे वाकवून सरळ केलंय, कुठे पाणी लागून खळगे पडलेत. मी तासन्‌तास बघत बसायची. शेठ पडदा बाजूला करून म्हणायचे, "ए सुमन, काम करतेस का पिक्चर बघतेस?" दोन्ही चालायचं. तेवढं सुख मला दुसऱ्या कुठल्याच नोकरीत मिळालं नसतं, हे मी आजही सांगते.

आता तुम्हाला धंद्यातलं थोडं सांगते, म्हणजे पुढचं कळेल. खंजिराचे भाग दोन, पातं आणि मूठ. पात्याला मागे एक शेपूट असतं, ते मुठीच्या पोकळीत जातं आणि मध्ये तापवलेली लाख भरतात. लाख थंड झाली की दगड. मूठ पुन्हा तापवली की पातं सैल. म्हणजे कुठलंही पातं कुठल्याही मुठीत बसवता येतं. बस, आमच्या धंद्याचं सगळं गुपित एवढंच. एकाची मूठ चांगली पण पातं तुटलेलं, दुसऱ्याचं पातं फर्स्टक्लास पण मूठ फुटकी, मग दोघांचं लग्न लावून टाकायचं. अशी लग्नं मी किती लावली असतील! कुंडली न बघता, मुलामुलीला न विचारता.

शेठ कधी खोटं बोलायचे नाहीत. ते बोलायचेच नाहीत. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं की चहा मागवायचे आणि गप्प राहायचे. गिऱ्हाईक खंजीर हातात घ्यायचं, उलटासुलटा करायचं आणि स्वतःच सुरू व्हायचं. "हे तीनशे वर्षांपूर्वीचं असणार, नाही का?" शेठ नुसते हसायचे. "सरदाराच्या घरातलं दिसतंय." शेठ चहाचा घोट घ्यायचे. अर्ध्या तासात त्या माणसाने स्वतःला एक अख्खी गोष्ट सांगितलेली असायची, आणि मग तो त्या गोष्टीचे पैसे देऊन जायचा. बिलावर मात्र शेठ व्यवस्थित लिहायचे, 'शोभेची वस्तू'. जुन्या वस्तूची सरकारदरबारी नोंद लागते, विकणाऱ्याला परवाना लागतो, या भानगडी नकोत म्हणून. मला कुणी विचारलं तर मी हेच सांगते, तोंडाने काय सांगतायत ते ऐकू नका, बिलावर काय लिहितायत ते वाचा. आणि तुम्ही काय शोधताय ते आधी बोलू नका. एकदा बोललात की वाट लागली समजा. आठ दिवसांत तुम्हाला हवं तसंच काहीतरी 'एका जुन्या घरातून' निघतं.

गिऱ्हाइकं तरी एकेक! अंधेरीहून एक इंटिरियरवाली बाई यायची. तिला पाच खंजीर हवे होते, सोफ्याच्या रंगाला जाणारे. "हा गंज थोडा ब्राउन करून मिळेल का?" मी म्हटलं, मिळेल की, चहात बुडवते. तिला तो विनोद वाटला. मी खरोखर चहात बुडवले.

घाटकोपरचा एक तरुण आठवतो, कॉम्प्युटरवाला. मोठ्या दिमाखात एक खंजीर घेऊन आला. पात्यावर लाटांची नक्षी. जुन्या चांगल्या पोलादात अशा बारीक लहरी असतात, पाण्यावर वारा फिरावा तशा. आम्ही त्याला 'पाणी' म्हणतो. त्या पोलादाची भट्टी आता कुणाला जमत नाही, म्हणून पाणी असलेल्या पात्याला सोन्याची किंमत. मी त्याला म्हटलं, "दादा, नखाएवढी जागा घासू का?" तो म्हणाला, "घासा." मी बारीक पॉलिश मारलं, लाटा गेल्या. मग त्याच जागी थोडं आंबट लावलं आणि थांबले. खरं पाणी पोलादाच्या पोटात असतं, वरून घासलं तरी आंबट लागलं की पुन्हा वर येतं. याचं आलं नाही. कुणीतरी साध्या लोखंडावर ॲसिडने लाटा काढलेल्या. असलं काढलेलं पाणी रोज फडक्याने पुसलं तरी वर्षा-दोन वर्षांत निघून जातं. पोरगं बिचारं इतकं उतरलं की मी त्याला माझ्या डब्यातली घावनं खाऊ घातली.

तर असं हे. हसत-खेळत चाललं होतं.

शेठच्या लोखंडी कपाटात एक हिरव्या दगडाची मूठ असलेला खंजीर होता. मूठ पोपटाच्या रंगाची, गार, हातात घेतली की हात आपोआप मिटायचा. पण खरी गंमत पात्यात होती. तसलं पाणी मी नंतर कधी पाहिलं नाही. शेठ तो सहसा कुणाला दाखवायचे नाहीत. "माल पिकू दे," म्हणायचे. वीस वर्षं पिकत होता. दाखवायचे ते एकाच माणसाला, मुलुंडच्या वैद्य सरांना.

सर शाळेत भूगोल शिकवायचे. निवृत्तीनंतर महिन्यातून एकदा यायचे, स्वच्छ पांढरा शर्ट, खिशात भिंग. विकत घेण्याची ऐपत नव्हती, हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. शेठना का कोण जाणे, ते आवडले. शेठ त्यांना सरळ माझ्या खोलीत पाठवायचे. मी हिरवा खंजीर काढून उन्हाच्या पट्टीत धरायची आणि सर भिंग लावून बघत बसायचे. "सुमनताई, ही नदी बघा, उगमापाशी तीन धारांची आहे. इथे मिळतात. आणि इथे, टोकाच्या अलीकडे, केवढं वळण घेते!" मला त्यात नदीबिदी दिसायची नाही. पण त्यांचं ऐकता ऐकता दिसायला लागली. बाहेर सगळी मुंबई धावत असायची आणि आम्ही दोघं त्या बोटभर पोलादाच्या काठाने चालत असायचो. दोघांचे चहा गार व्हायचे. एक दिवस सर म्हणाले, "मी पैसे साठवतोय. उशीर होईल, पण घेणार मीच." शेठनी शब्द दिला की दुसऱ्या कुणाला देणार नाही. शब्द पाळायचे शेठ, तेवढं म्हणायला हवं.

आणि मग परब काकू आल्या.

दिंडोशीला राहायच्या, ब्लाउज शिवायच्या. साठीच्या असतील. गळ्यात इंचपट्टी तशीच राहिलेली, घाईत निघाल्या असाव्यात. शेठच्या खुर्चीत टेकल्याही नाहीत. म्हणाल्या, "शेट, वीस वर्सांमागे मी तुमका आमची कट्यार विकलंय. घोव आजारी होतो म्हणान. आता माझ्या झिलाचा लगीन असा पुढच्या म्हयन्यात. माका ती परत व्हयी." नवरदेवाच्या हातात कट्यार लागते, तुम्हाला माहीतच आहे. खरी कट्यार वेगळी, ती आडव्या मुठीची असते. घराघरांत जिला कट्यार म्हणतात तो बहुतेक वेळा खंजीरच. परबांच्या घरात पाच पिढ्या प्रत्येक नवरदेवाने ती एकच हातात धरली होती. नवरा गेला तेव्हा काकूंनी मनात शब्द दिला होता की महेशच्या लग्नापर्यंत ती घरात आणीन. तेवढ्यासाठी वीस वर्षं मशीन चालवलं त्या बाईने.

शेठनी ड्रॉवर उघडला आणि चांदीच्या मुठीचा एक खंजीर पुढे ठेवला. तो मला चांगला ठाऊक होता. मुठीवर बारीक बारीक खळगे होते, त्यामुळे विकला जात नव्हता. कुणी विचारायचं, "हे लढाईतले घाव का?" शेठ हसायचे.

काकूंनी मुठीवरून अंगठा फिरवला आणि मटकन बसल्या. "हीच! ह्ये बघा, माझ्या महेशचे दात! पाचवीक बाळाच्या उशाशी ठेवलेली, ती थयच रवली. दात येताना चावत बसायचो मेलो." मूठ गालाला लावून रडायला लागल्या. शेठनी पाणी मागवलं. पडद्याआडून मी बघत होते, पण पुढे यायचा धीर होईना.

कारण मूठ तिची होती, पातं तिचं नव्हतं. तिचं पातं मीच काढलं होतं, वीस वर्षांपूर्वी. कट्यार आली त्याच्या दुसऱ्याच दिवशी शेठ म्हणाले होते, "सुमन, एवढं पातं या चावलेल्या मुठीला शोभत नाही. त्या हिरव्या मुठीत बसव." मी बसवलं आणि आंबट लावून त्याच्या पोटातलं पाणी वर काढलं. आणि चांदीच्या मुठीत कुर्ल्याच्या लोहाराकडचं पातं टाकलं, ट्रकच्या कमानीच्या पाट्यातून ठोकून काढलेलं. टोकाला लिंबाएवढा एक काळा डाग होता, चांगल्या पात्यावर, तो मी घाण समजून घासून टाकला होता. शेठ म्हणाले होते, "झकास!" मीही खूश झाले होते, खोटं कशाला बोलू.

काकू आठ दिवसांनी नेते म्हणून गेल्या. मी शेठना म्हटलं, "शेठ, तिचं पातं तिला देऊ या ना."

"ती काय ओळखते? मूठ का पातं?"

"मूठ."

"मग? मूठ मिळतेय तिला. खूश आहे ती."

"शेठ, मुलाच्या लग्नात ट्रकचा पाटा धरायचा का त्याने?"

"हिरव्यावर सरांना शब्द दिलाय मी. पुढच्या महिन्यात पैसे घेऊन येतायत. त्यांना काय सांगू, सुमन रडत होती?" आणि पडदा सोडून निघून गेले. त्यांचंही चूक नव्हतं. एकच पातं, आणि हक्क सांगायला दोन माणसं. एकीचं ते घर होतं आणि दुसऱ्याचं ते सगळं उरलेलं आयुष्य होतं.

गुरुवारी शेठ कुणाच्या तरी घरचा माल बघायला नाशिकला गेले. कपाटाची किल्ली माझ्याकडे असायची. भर दुपारी, उन्हाची पट्टी टेबलावर असताना, मी दोन्ही मुठी तापवायला घेतल्या. लाखेचा वास खोलीभर झाला. पाती एकामागोमाग एक सैल झाली, जशी काही वाटच बघत होती. मला वाटतं त्या दोन तासांत मी श्वाससुद्धा हळू घेतला. काकूंचं पातं काकूंच्या मुठीत गेलं. शेठना ओळखू येऊ नये म्हणून त्याच्यावरचं पाणी मी पॉलिशने पुसून कोरं करून टाकलं. आणि ट्रकच्या पात्यावर, घाटकोपरच्या त्या पोराला फसवणाऱ्या माणसासारखंच, ॲसिडने लाटा काढल्या. सरांची नदी मला पाठ होती. तीन धारा, संगम, टोकाच्या अलीकडचं वळण. इतका सुंदर माझा हात कधी चालला नव्हता. कामाचा अभिमान वाटला आणि त्याच क्षणी स्वतःची शिसारी आली.

शेठना कळलं नाही. काकू कट्यार लाल कपड्यात गुंडाळून घेऊन गेल्या. जाताना मला म्हणाल्या, "बाये, लग्नाक ये हां." तीन आठवड्यांनी सर आले. मी खोका पुढे केला. मला वाटलं, आता भिंग काढतील आणि संपलं. त्यांनी काढलं नाही. मुठीवर हात मिटला, डोळे मिटले, आणि म्हणाले, "आता काय बघायचं सुमनताई? रोज स्वप्नात बघतोच आहे." शेठ बाजूला उभे होते. मी खोका बांधून दिला.

लग्न दिंडोशीच्या एका हॉलमध्ये होतं. महेश उंच, सावळा, फेट्यात रुबाबदार दिसत होता. हातात कट्यार, टोकाला लिंबू खोचलेलं, हळदीपासून ते तसंच होतं. अक्षता पडल्या, जेवणं सुरू झाली, तेव्हा काकूंनी कट्यार घेतली, लिंबू काढलं आणि पदराने टोक पुसलं. पुसलं, पुन्हा पुसलं, आणि मला हाक मारली, "अगो बाये, हयसर ये!"

लिंबू होतं तेवढ्या जागेत पाणी वर आलं होतं. काळसर, लहरी लहरी, ओलं असल्यासारखं. दीड दिवस लिंबाचा रस मुरलेला. मी बघतच राहिले.

"हो डाग आमचो!" काकू म्हणाल्या. "सासूबाय म्हणायची, पुसू नको गो, हो पयल्या नवरदेवापासूनचो असा. दुकानात बघलंय तेव्हा टोक कोरा होता. मी म्हटलंय, शेटान घासल्यान असतला." आणि मग माझ्याकडे वळून बघितलं. बाई शिवणकाम करणारी, नजर बारीक. "तू रडतस कित्याक?"

रचलेल्या खुर्च्यांच्या मागे उभी राहून मी सगळं सांगून टाकलं. मुठी, पाती, गुरुवारची दुपार, सगळं. सांगताना वाटत होतं आता ही माझे हात धरेल, म्हणेल तू माझी लेक आहेस. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि ता ट्रकाचा पाता? ता कोणाच्या गळ्यात बांधलंस?"

"मुलुंडला एक सर आहेत."

"तेंका म्हायत असा?"

"नाही."

काकूंनी कट्यार लाल कपड्यात बांधली. मग म्हणाल्या, "जेवन घे. आणि तेंका जावन सांग गो. माझ्या झिलाच्या लग्नाक दुसऱ्याचो तळतळाट नको."

मी जेवून निघाले. पण जायला मला दोन वर्षं लागली. आज जाईन, उद्या जाईन. सर दुकानात यायचे बंद झाले होते, त्यांना आता यायचं कारणच नव्हतं. मी निवृत्त झाले आणि मग मात्र सबब उरली नाही. एका सकाळी मुलुंडला गेले. त्यांच्या मुलीने, अनघाने, दार उघडलं. सर खिडकीशी बसले होते. मांडीवर मऊ फडकं आणि खंजीर.

"कोण?" त्यांनी विचारलं, आणि माझ्या डाव्या बाजूला बघत राहिले.

"काचबिंदू," अनघा हळूच म्हणाली. "दुकानात जायचे तेव्हाच अर्धी नजर गेली होती. कुणाला सांगायचे नाहीत."

"सुमनताई!" सरांनी आवाजावरून ओळखलं. चेहरा असा उजळला की माझं पाठ केलेलं सगळं भाषण विरून गेलं. "बसा, बसा. रोज अर्धा तास पुसतो. तुम्हीच सांगितलं होतं ना, मशीनचं तेल आणि मऊ फडकं." आणि खंजीर माझ्यापुढे धरला. पातं कोरं होतं. माझी नदी केव्हाच पुसली गेली होती, त्यांच्याच हाताने, रोज अर्धा अर्धा तास. त्यांनी त्या कोऱ्या पात्यावर बोट ठेवलं आणि न चुकता नेमकं त्या जागी आणलं. "इथे वळते बघा. अजून तसंच दिसतंय ना पाणी? खरं सांगा, मला आता जरा अंधूक दिसतं."

मी शेठकडे एकोणतीस वर्षं होते, पण गिऱ्हाइकाच्या तोंडावर कधी खोटं बोलले नव्हते. गप्प बसायची, जसे शेठ बसायचे. त्या दिवशी गप्प बसणंही जमलं नाही.

"तसंच आहे सर," मी म्हटलं. "उलट खुललंय."

केवढे हसले ते! अनघाने चहा केला, तो आम्ही गरम असतानाच प्यायलो. परत येताना मी रस्त्यावर उभी राहून रडले. कोण काय म्हणेल याची पर्वा केली नाही. पुढे मी महिन्यातून एकदा जात राहिले. त्यांनी नदी सांगायची आणि मी हो म्हणायचं. सरांना सगळं सांगून आले असं काकूंना कळवलं, तेही खोटंच. पाप करायचं तर अर्धवट कशाला!

सर मागच्या वर्षी गेले. महिन्याभराने अनघाचा फोन आला. "मावशी, बाबांचा खंजीर विकायचा आहे. मला घरात हत्यार नको वाटतं. त्यांनी आयुष्यभराचे साठवलेले घातले त्यात. कुणा डीलरला दाखवू? तुम्हाला त्यातलं कळतं."

डीलरने एका मिनिटात सांगितलं असतं तिला, पातं कशाचं आहे ते. आणि मग तिला कळलं असतं की तिचे बाबा काय पुसत बसायचे. मी म्हटलं, "कुणाला दाखवू नकोस गं. मीच घेते." किंमत मी सांगितली, सरांनी दिली होती तेवढीच. माझ्या दोन पाटल्या होत्या, त्या मोडल्या. अनघा म्हणाली, "मावशी, थोडे कमी द्या हो, घरातल्यासारख्या आहात." मी म्हटलं, नाही, माल अस्सल आहे.

परवा मुलगा कपाटात काहीतरी शोधत होता, त्याच्या हाती तो खोका लागला. माझा मुलगा गाड्यांच्या वर्कशॉपात आहे, सगळं आयुष्य लोखंडात गेलेलं. त्याने पातं उजेडात धरलं, नखाने वाजवलं आणि माझ्याकडे बघितलं.

"आई, पाटल्या मोडून हे घेतलंस? अगं, हा ट्रकच्या कमानीचा पाटा आहे! फसवलं तुला कुणीतरी. कोण होता तो?"

"असू दे रे," मी म्हटलं. "ओळखीचंच माणूस होतं."